प्रेम म्हणजे काय क्रोसिन आहे?

भाचीच्या कपाटातली ही तिसरी-चौथी कादंबरी असेल, आणि परत तेच! काळा हुडी घातलेला, कुणाशी न बोलणारा पोरगा. कानात इअरफोन कोंबलेली, वर्गात एकटी बसणारी पोरगी. दोघांच्या घरी रामायण. मग गच्चीवर भेट, तिची बाही वर सरकते, मनगटावरचे व्रण दिसतात, तो काही न बोलता हात धरतो. झालं, पोरगी बरी! आई कुठाय? डॉक्टर कुठाय? सोळा वर्षांच्या पोराला स्वतःचं ओझं पेलवेना, त्यात त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा जीव बांधायचा. याला म्हणे रोमान्स.

आणि ती रिकामी गच्ची! आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत असतात नि राखणीला आजी. किल्ला तलावावर दोघं नुसती बसली तरी पोरं घरी पोचायच्या आधी बातमी पोचते.

परकेपणच हवंय ना? मग दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला, म्हणजे अकरावीला, एकदम इंग्रजीत आदळलेला खानापूरकडचा पोरगा घ्या की. लेक्चर इंग्रजीत, मागच्या बाकावरची मस्करी कन्नडात, हा दोन्हीकडे मुका. पण त्याच्याकडे हुडी नाही, म्हणून हिरो नाही.

एका तरी लेखकानं त्या हात धरणाऱ्या पोराला १४४१६ लावायला सांगावं. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे. पण मग दोनशे पानं कशी भरणार, नाही का?