खालचं कोण बघतंय!

काल आमच्या नव्या लाकडी ओट्यावर पहिली पाहुणेमंडळी चहाला बसली आणि अर्ध्या तासात कौतुक झालं ते शेजारच्या काकांचं. “काकांनी उभं राहून करवून घेतलं म्हणून, नाहीतर आजकाल असं काम होतं कुठे!” मामेबहीण म्हणाली. काकांनी नम्रपणे मान खाली घातली. मुळात काका उभे राहिलेच नव्हते. खुर्ची आमची, चहा आमचा, आणि ऊन फिरलं की खुर्ची सावलीत सरकवायची ती मीच.

मागच्या अंगणात झाडांशेजारी बसायला थोडा उंच ओटा हवा होता, इतकंच. वरच्या फळ्या ठोकायला कितीसा वेळ लागतो? जीव जातो तो खालच्या सांगाड्यात. त्यात आमचं इंदूर काळ्या मातीवर वसलेलं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते, की आत पडलेली किल्ली विसरलेलीच बरी. तिच्यावर नुसत्या विटा मांडून खांब उभे केले, तर आषाढात एक कोपरा वर आणि वैशाखात दुसरा खाली. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डे खणायचे, त्यात काँक्रीट ओतायचं, ते जमिनीच्या चार बोटं वर ठेवायचं, वर लोखंडी बूट बसवायचा आणि मग त्या बुटात खांब. लाकूड मातीला टेकत नाही. वाळवी चढलीच, तर तिची मातीची नळी निदान नजरेस पडते.

हे सगळं चालू असताना काका रोज हजर. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. मोऱ्या आणि पूल यांखेरीज जगात काही बांधण्यासारखं आहे, हे त्यांना मनापासून पटत नाही.

“हे काय करून राहिला तू?”

“काटकोन काढतोय काका. तीन, चार, पाच.”

एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि त्या खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच भरलं की कोपरा गुण्यात. कोणताही गवंडी हेच करतो. काकांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्या डोळ्यानं माझ्या दोरीकडे पाहिलं. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तो जास्त अचूक आहे, असं ते मानतात.

“उत्तरेला झुकलंय.”

मी दोन्ही कर्ण मोजून दाखवले. सूतभरही फरक नव्हता.

“टेप कुठला?”

“काका, दोन्ही कर्ण एकाच टेपनं मोजलेत. टेप खोटा असला तरी दोन्हीकडे सारखाच खोटा.”

“असं तुला वाटतं.”

मग पाण्याची नळी आली. खांबांची डोकी एका पातळीत आणायला यापेक्षा खात्रीचं साधन नाही, फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये. काकांना बुडबुडा दिसला. मला दिसेना. सुताराला दिसेना. नळी रिकामी करून पुन्हा भरली; काका म्हणाले, “आता बरोबर आहे,” आणि पातळी होती तिथेच होती.

खरा कहर कड्या, म्हणजे फळ्यांखालची आडवी लाकडं, टाकताना झाला. दर चाळीस सेंटीमीटरवर एक कडी, कारण अंतर वाढलं की इंचभर जाडीची फळी पायाखाली लचकते. काका उठून (हो, उठून!) जवळ आले.

“राजवाडा पाहिलायस ना?”

इंदूरच्या माणसाला हे विचारतात!

“खालचे तीन मजले दगडाचे. वरचे लाकडाचे. 1984 च्या आगीत जळलं काय?”

“लाकूड.”

“तुझ्या खाली काय?”

“लाकूड.”

“आणि वर?”

“काका, हा ओटा जेमतेम दीड फूट उंच आहे.”

“आग काय फूटपट्टी घेऊन येते?”

यावर मी काय बोलणार? सुतार मात्र हसला, आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक शंका काकांना विचारू लागला. पैसे मी देत होतो.

मातीचं तर वेगळंच. खड्ड्यांतून निघालेल्या काळ्या मातीचा ढीग फाटकाशी पडला. आमचं शहर 2017 पासून सात वर्षं ओळीनं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याचा मला अभिमानही आहे. पण मग माणसानं ढीगभर माती ठेवायची कुठे? कचरागाडीवाला ओला, सुका, प्लास्टिक सगळं वेगवेगळं घेतो, माती मात्र नाही. “भिया, ये तो मलबा है,” म्हणून तो गाडी पुढे काढायचा. शेवटी गल्लीतल्या कुंड्या भरून दिल्या. माती घ्यायला सगळे आले. टोपली उचलायला एकही नाही.

वखारवाल्यानंही हात मारून घेतलाच. “बिल्कुल सूखा माल,” म्हणत त्यानं ज्या कड्या दिल्या, त्या उचलताना दोन माणसांच्या पाठी वाकल्या. ओलं लाकूड जोडल्यावर सुकतं, पिळतं आणि स्क्रू सैल करतं. त्या बदलून घ्यायला भर उन्हात वाद घातला. टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं माझ्याच माथी. कापलेल्या प्रत्येक टोकाला वाळवीचं औषध, कड्यांच्या माथ्यावर डांबरी पट्टी, खाली गवत येऊ नये म्हणून जाड कापड, त्यावर खडी, दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट. यातलं आज काहीही दिसत नाही. मामेबहिणीनं विचारलं ते फळ्यांचं पॉलिश कुठलं म्हणून. मी सांगाड्याचा विषय काढून पाहिला, तर तिच्या नवऱ्यानं शेवेची बशी माझ्याकडे सरकवली.

आज सकाळी काका पुन्हा कुंपणापाशी.

“उरलेल्या कड्या टाकल्या नाहीस ना? मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीला घडवंची करायची आहे.”

“केवढी टाकी?”

“पाचशे लिटर.”

म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन. मला एकदम उत्साह आला. “त्याला पाया नीट लागेल काका. मी येतो, बसतो, काय काय करायचं ते सांगतो.”

“सांगायला मी आहे,” काका म्हणाले. “तू ड्रिल घेऊन ये.”