भाऊंचं स्टेटस आणि आमचा नळ

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक म्हणजे भाऊ, आणि भाऊ दिवसभर ऑनलाईन. सकाळी हात जोडून सुप्रभात, मग कुणाचा तरी वाढदिवस (दानशूर, युवकांचे आशास्थान वगैरे), दुपारी भावपूर्ण श्रद्धांजली, त्यातही गेलेला माणूस कोपऱ्यात पासपोर्ट साईज आणि भाऊ मधोमध, संध्याकाळी कुणाच्या तरी मळ्यातल्या भरीत पार्टीचं लाईव्ह.

फक्त नळ कधी येणार ते कुठेच नसतं.

मे महिन्यात आमच्या खान्देशात पारा 45 ला टेकतो, आणि अशात गल्लीतल्या बाया रात्री ड्रम, हंडे, कळश्या लावून ओट्यावर बसलेल्या. "पानी कव्हय येई व माय?" "भाऊले इचार ना!" विचारणार कसं, ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतो. खरी बातमी असते व्हॉल्वमनकडे, त्याचा साधा बटनाचा फोन, पण त्याने चावी फिरवली की पोरं बोंबलत येतात आणि पाच मिनिटांत सगळ्या गल्लीच्या मोटारी सुरू.

खेड्यातले लोक सुखी, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा, तिथे सरपंचाला समोरासमोर धरता येतं, त्याला म्यूटचं बटन नसतं. (कोरमअभावी तहकूब झाली तर गोष्ट वेगळी.)

निवडून आलेल्या माणसाने लिहू नये असं नाही हो, जरूर लिहावं, पण स्वतः लिहावं. भाऊंच्या पोस्ट टाकतो त्यांचा पुण्यात शिकणारा भाचा, म्हणून भाऊ चौकात भेटले की "काय भो, चहा घेतो का" आणि मोबाईलवर तेच भाऊ "विकासासाठी कटिबद्ध". त्यापेक्षा "पाईप फुटलाय, परवापर्यंत पाणी नाही" एवढंच टाकलं तर लोक शिव्या देतील पण ड्रम तरी जपून वापरतील. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 4 आहेच की, लोकांनी मागायच्या आधी सांगा म्हणून. आता अडवाणींनी 2009 च्या निवडणुकीआधी स्वतःचा ब्लॉग काढला आणि तरी पंतप्रधानपद हुकलं, म्हणून भाऊ घाबरत असतील तर माहीत नाही.

परवा ग्रुप चुकून सगळ्यांना खुला राहिला. मी लगेच टाकलं, "भाऊ, पाणी कधी येईल?" मिनिटात उत्तर, "आपल्या शुभेच्छांचा मनःपूर्वक स्वीकार, असेच प्रेम राहू द्या." त्यावर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी अंगठे टाकले, त्यात एक आमच्याच घरातला.