चवथीआधी भिंतीवर फुलपाखरू लावताना

घराला नवा रंग दिला, सोफा आला, तरी भिंत भकास वाटत असेल तर चौकटीतलं फुलपाखरू घ्या. गावठी नको. गोव्यातल्या सत्तरीच्या रानात काळं-सोनेरी सदर्न बर्डविंग बघायचं तर ऊन चढेपर्यंत थांबावं लागतं, शिवाय ते फुकट दिसतं. दक्षिण अमेरिकेतलं निळं मॉर्फो बरं.

विकणारा म्हणेल, ‘आयुष्य जगून मेलेलं आहे हो.’ मान डोलवा, पंखांची कड निरखू नका. जगून मेलेल्याचे खवले उडालेले असतात, कडा फाटलेल्या असतात, कुठे पाखराने चोच मारलेली असते. तुमचं मात्र कोऱ्या नोटेसारखं आहे. कोषातून निघालं, पंख वाळले आणि लगेच समाधानाने गेलं, असं धरून चाला. पोट नसलं तर तेही विचारू नका. मॉर्फोच्या पोटातलं तेल पंखांवर उतरून निळा रंग काळपट पडतो, म्हणून पोट बरेचदा आधीच काढतात.

पाकिटातलं सुकं फुलपाखरू स्वतः लावायची हौस असेल तर थेट पंख उघडा. पंख मऊ करायला बंद डब्यात ओला टिश्यू, त्यावर जाळी, जाळीवर फुलपाखरू, सोबत बुरशीसाठी डांबरगोळी आणि दोन-तीन दिवस धीर, ही चिकट माणसांची कामं. पंख मुळाशी मोडला की फेविक्विक आहेच. कागदी पट्ट्यांखाली ताणलेले पंखही आठ दिवसांत मोकळे करा. पावसात तेवढ्यात सुकत नाहीत, मग लोंबतात, लोंबू देत.

चौकट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीलाच टांगा, जिथे जूनमध्ये ओल चढते. समोर पश्चिमेची खिडकी हवी. मॉर्फोचा निळा खवल्यांच्या रचनेतून येतो, तो सहसा विटत नाही. शेजारच्या पिवळ्या-नारिंगी जातींचा रंग मात्र उन्हाने उडतो. जोडी शोभेल.

जुलैत मिशांवर पांढरी लव दिसेल. पुढे काचेच्या तळाशी तपकिरी भुकटी साचेल. ती धूळ नव्हे, सुके कीटक खाणाऱ्या भुंग्यांच्या केसाळ अळ्यांनी केलेला तुमच्या फुलपाखराचा भुगा आहे. डांबरगोळ्यांना त्या फारशा भीक घालत नाहीत. चौकट प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवली तर मरतात, पण तिथे बांगडे असतात. बांगडे हलवू नका. हलवलेच, तर बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडा, म्हणजे काचेला आतून घाम फुटेल.

चवथीला पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, इथली दमट हवा त्याला मानवली नाही. मॉर्फो पावसाळी जंगलात राहतं, हे कुणी विचारत नाही.