आमच्या नाटकातले डॉक्टर सोडून बाकीचे

काल आमच्या नाटकाचा प्रयोग झाला. चांगला झाला. माणसं आली, माईकनी दगा दिला नाही, तरी रात्री घरी येऊन डोक्यातली भणभण थांबेना. कारण मध्यंतरात स्टेजवर आणलेले प्रमुख पाहुणे.

नाव लिहीत नाही. माईक हातात येताच म्हणाले, एवढा व्याप सांभाळून आमचे डॉक्टरसाहेब रंगभूमीची सेवा करतात, बँक मॅनेजर करतात, प्राध्यापिका मॅडम करतात, केवढी ही निष्ठा! टाळ्या. आणि बाकीचे? ते तोंडाला रंग लावून विंगेत हे सगळं ऐकत उभे होते. अंगणवाडीतली बाय, पंचायतीतला शिपाई, माडावर चढणारा पाडेली, आणि नाटकातली सगळ्यांत मोठी भूमिका करणारा आमचा ट्रकवाला. त्यांना व्याप नसतो वाटतं. त्यांची ती हौस, डॉक्टरांची ती सेवा.

मी प्रॉम्प्टर. विंगेत वही धरून बसणाऱ्याला कोण किती पाण्यात आहे ते बरोबर ठाऊक असतं. डॉक्टरांना दर प्रवेशात वाक्य द्यावं लागतं. ट्रकवाल्याला शब्द दिल्याचं मला आठवत नाही.

गोव्यातल्या खाणी जोरात होत्या तेव्हा तो डिचोलीकडचं खनिज सारमानसच्या जेटीवर नेऊन ओतायचा. ट्रकांची ही एवढी रांग. त्या रांगेत स्टिअरिंगवर वही टेकवून त्याने संभाजी पाठ केला. समोरचं पात्र पाहिजे म्हणून क्लीनरला कामाला लावला. ते पोर इंजिनच्या आवाजावर ओरडून येसूबाईची वाक्यं वाचायचं, आणि पुढचा ट्रक हलला की संभाजीराजे उत्तर अर्ध्यावर सोडून गिअर टाकायचे. जत्रेत नाटक लागलं तेव्हा तो क्लीनर पुढे खाली बसून येसूबाईच्या आधी ओठ हलवत होता. विंगेतून मला तो दिसत होता आणि मी हसू दाबत होतो.

आणि म्हणे निष्ठा!

ही खोड एकट्या पाहुण्यांची नाही. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर होते, काशिनाथ घाणेकर दातांचे, मोहन आगाशे मानसोपचाराचे, हे आपल्याला तोंडपाठ. निळूभाऊ फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, हे सांगताना मात्र आपला आवाज बदलतो. 'बिचारे' सूर लागतो. का? बिचारे कशाला?

आणि हे गोव्यात? मंगेशीचे दीनानाथ, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे ही आपली मिरवायची नावं. पण देवळाच्या सेवेतल्या ज्या घरांनी गाणं जपलं, त्यांना गावात कोणत्या पंगतीला बसवत होते हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा आमचं जत्रेतलं नाटक बरं. आमच्या गावात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, राजा झालाय आणि भाटकार, म्हणजे त्या जमिनीचा मालक, हातात भाला घेऊन त्याच्या दारात उभा राहिलाय, पूर्ण अंकभर, एक वाक्य नसताना.

बरं, डॉक्टर दवाखाना बंद ठेवून तालमीला येतात, त्यांचंही नुकसान होतं. मान्य. देणग्याही त्यांच्याच ओळखीने मिळतात, तेही मान्य. ट्रकवाला तालमीला कधी वेळेवर आला नाही आणि 'न' आणि 'ण' चा घोळ त्याने अजून सोडवलेला नाही. असू दे.

2012 साली खाणी बंद पडल्या. पुन्हा थोड्याफार सुरू झाल्या, 2018 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. ट्रक दारात उभा, हप्ते डोक्यावर. त्या वर्षी त्याने नाटक सोडलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. मी स्वतः त्याला म्हटलं, यंदा राहू दे रे. तो म्हणाला, ‘‘मग संध्याकाळी मी करू काय?’’ त्या वर्षीचा त्याचा संभाजी ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. औरंगजेबासमोरच्या प्रवेशात तो ज्या रागाने उभा राहिला, तो राग माझ्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. आता औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन आहे. तालमीतून थेट ड्युटीवर जातो, कधीकधी कानामागे रंग तसाच.

हे पाहुण्यांना कोणी सांगितलं नसेल, कबूल. पण त्यांच्या हातातल्या कागदावर सगळ्यांची नावं होती. कागद मीच लिहून दिला होता! त्यांनी वरची तीन वाचली आणि घडी करून खिशात घातला.

आता कृपा करून खाली 'पण आपले डॉक्टर किती साधे आहेत' असं लिहू नका. आहेत साधे. भाषण चालू असताना विंगेत शेजारी उभ्या असलेल्या पाडेल्याच्या कानात त्यांनी जे म्हटलं ते मी ऐकलं, इथे छापता येणार नाही. प्रयोगानंतर पाहुणे आणि समिती जेवायला गेली तेव्हा सेट उतरवायला आमच्याबरोबर तेच थांबले. आम्ही जेवायला पोचेपर्यंत मासळी संपली होती, डॉक्टरांनाही नुसत्या सोलकढीशी भात खावा लागला.