‘सेट लागला की सगळे वसूल होते’ या आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पोकरवरच्या माझ्या लेखात, समोरच्याचा स्टॅक (त्याच्यापुढची रक्कम) लहान असेल तर हातातल्या दोन पत्त्यांची दुर्रीपासून पंजीपर्यंतची जोडी त्याच्या रेजवर, म्हणजे त्याने रक्कम वाढवल्यावर, सोडून द्यावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, हा सल्ला भित्रा आहे. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत) साधारण साडेआठ डावांत एकदा सेट, म्हणजे जोडीला जुळणारे तिसरे पान, लागतो आणि तो लागला की आधीचे सगळे वसूल होते. यातला पहिला भाग बरोबर आहे; नेमके प्रमाण ११.८ टक्के आहे. माझा मतभेद आहे तो ‘वसूल’ या शब्दापाशी.

मी न्यू जर्सीत राहतो, जिथे २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे (भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले), म्हणून उदाहरण इथल्या ५-१० सेंटच्या टेबलाचे घेतो, म्हणजे जिथे दोन खेळाडूंना पत्ते पाहण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या रकमा (ब्लाइंड) ५ आणि १० सेंट असतात. समोरच्याने ३० सेंटची रेज केली, आपण बटणावरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळायच्या जागेवरून) तिर्रीच्या जोडीने कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले, आणि दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले. असे १७ डाव खेळलात तर सरासरी दोनदा सेट लागेल आणि १५ वेळा ३० सेंट, म्हणजे एकूण साडेचार डॉलर, जातील. तेव्हा प्रत्येक सेटने सव्वादोन डॉलर आणायला हवेत. त्यांपैकी ४५ सेंट (त्याचे ३० आणि ब्लाइंडचे १५) पॉटमध्ये, म्हणजे डावावर जमलेल्या रकमेत, आधीच पडलेले असतात. उरलेले १ डॉलर ८० सेंट फ्लॉपनंतर समोरच्याकडून यावे लागतात, आणि तेही एखाद्या वेळी नव्हे, तर दर सेटमागे सरासरीने. साइट कापून घेते तो रेक आणि सेट लागूनही मोठ्या सेटपुढे किंवा फ्लशपुढे (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांपुढे) हरलेले डाव मी यात धरलेलेच नाहीत.

आता स्टॅक पाहा. त्याच्यापुढे १० डॉलर असतील तर कॉलनंतर ९ डॉलर ७० सेंट उरतात आणि पाच-साडेपाच सेटांमागे एकदा पूर्ण स्टॅक मिळाला तरी भागते. पण या टेबलांवर बरेच जण ४ डॉलर घेऊनच बसतात. त्यांचे ३ डॉलर ७० सेंट उरतात, म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या सेटला त्यांचा संपूर्ण स्टॅक मिळाला पाहिजे. तसे घडत नाही.

का घडत नाही, ते आपणच सांगितलेल्या डावातून दिसते. फ्लॉपवर राजा, अठ्ठी, तिर्री आली, समोर एक्क्यांची जोडी होती आणि आपण १० डॉलर जिंकलात. तुम्ही तो डाव उत्तम खेळलात. मात्र त्याच फ्लॉपवर त्याच्या हातात एक्का-राणी असती तर त्याने ४० सेंट लावले असते, आपण रेज केल्यावर पत्ते टाकले असते आणि आपल्याला ८५ सेंट मिळाले असते. हवे होते सव्वादोन डॉलर. जोडी नसलेला हात तीनपैकी दोनदा फ्लॉप चुकतो. म्हणून असे ८५ सेंटचे सेटच जास्त लागतात, आणि आठवणीत मात्र १० डॉलरचा राहतो.

एका मुद्द्यावर मात्र आपण मला चूक दाखवलीत आणि ती मला मान्य आहे. घट्ट, म्हणजे मोजकेच चांगले हात, खेळणाऱ्याने पहिल्या जागेवरून रेज केली की मी सावध राहायला सांगितले होते. प्रत्यक्षात, स्टॅक पूर्ण असेल तर छोट्या जोडीला हाच गिऱ्हाईक सर्वांत चांगला, कारण त्याच्याकडे मोठी जोडी असण्याचा संभव अधिक असतो आणि ती या पातळीवर सहसा कोणी सोडत नाही. उलट शेवटच्या जागांवरून काहीही घेऊन रेज करणारा सैल खेळाडू फ्लॉपनंतर लगेच पळतो. त्याच्यासमोर केवळ सेटच्या आशेने कॉल करणे महाग पडते. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदलला आहे आणि ‘रेजच्या निदान १५ पट स्टॅक’ या अटीपुढे ‘सैल खेळाडूसमोर २० पटींहून अधिक’ अशी भर घातली आहे.