वाढीव तर्रीचे वीस हजार

लेक मेकॅनिकलला गेली आणि लॅपटॉप घ्यायचं ठरलं. ही बातमी नातेवाइकांपर्यंत जाऊ द्यायला नको होती. नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात लेथ चालवणारा मेहुणा त्याच संध्याकाळी हजर. "दाजी, त्या सफरचंदवाल्या ॲपलच्या पैशात दोन असेंबल कॉम्प्युटर होतात!" दोन कशाला हवेत, ते त्याने सांगितलं नाही. शेजारच्या काकांचा मुलगा हिंजवडीत, म्हणून त्यांचा पक्ष उलटा. "एकदाच चांगलं घ्या, डोक्याला ताप नाही."

शेवटी कॉलेज रोडवरच्या एका शोरूममध्ये शिरलो. एम-फोर चिपचं मॅकबुक एअर, २०२५ च्या भावाने ९९,९०० रुपये. खरं सांगतो, वस्तू देखणी आहे. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून एअरमध्ये स्वतःची चिप घातली आणि पंखाच काढून टाकला. आमच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. त्यामुळे ही शांतता पाहून तीही विरघळली.

"स्टोरेज किती?"

"२५६ जीबी, मॅडम. ५१२चं १,१९,९००."

म्हणजे नुसत्या वाढीव जागेचे वीस हजार! एम.जी. रोडवर एक टीबीचा एसएसडी, म्हणजे चौपट जागेची सुटी डिस्क, तेव्हा याच्या निम्म्याहून कमीत मिळत होता. ज्या गावात मिसळीवर तर्री मागताना कोणी दर विचारत नाही, त्या गावात हा हिशेब पचायचा कसा? मशीनचे लाख मी एक वेळ देईन, त्यात पैसे वसूल आहेत. हे वाढीव मात्र शुद्ध लूट.

"मग नंतर वाढवू की," मी म्हणालो.

"नंतर नाही होत सर. सगळं बोर्डावरच पक्कं असतं. रॅमसुद्धा."

"म्हणजे पुढच्या दहा वर्षांत किती फोटो काढणार, ते आजच सांगायचं?" बायकोने विचारलं. शोरूममधला मुलगा गोड हसला. त्याला हसण्याचंच ट्रेनिंग असावं.

इतका वेळ मोबाइलमध्ये असलेल्या लेकीने मान वर केली. "बाबा, आम्हाला सॉलिडवर्क्स लागणारे, मशीनची डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर. ते विंडोजवरच चालतं, मॅकवर नाही."

तासभर एसी खाऊन झाल्यावर ही माहिती मिळाली.

पलीकडच्या दुकानात विंडोजवाला बघितला. मालकाकडून मागचं झाकण उघडवलं, रॅमचा रिकामा स्लॉट डोळ्यांनी पाहिला, मगच कार्ड काढलं. तोवर बायकोने बॅग फुकटात मिळवली होती आणि माउसवर बोलणी चालू होती.