‘दुप्पट माल मावतो’ : ड्राइव्ह-इन रॅकचा अर्धा हिशेब

जळगाव-धुळे पट्ट्यातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : साधे सिलेक्टिव्ह रॅक (ज्यात प्रत्येक खणासमोर गल्ली असते) म्हणजे रिकाम्या गल्ल्यांचे भाडे भरणे, ड्राइव्ह-इन रॅक (मधल्या गल्ल्या काढून केलेल्या खोल ओळी) लावले की तेवढ्याच गोदामात दुप्पट माल मावतो, पत्रा जाड असला की भाराची चिंता नाही, आणि फोर्कलिफ्ट आहे तीच चालते. यातल्या पहिल्या विधानात तथ्य आहे, आणि त्याच्याच आडोशाने बाकीची तीन खपून जातात.

गल्ल्यांचे गणित नाकारण्यासारखे नाही. साध्या फोर्कलिफ्टला वळण्यासाठी साधारण साडेतीन ते चार मीटरची गल्ली लागते आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगांतील पॅलेटची (ज्यावर माल रचून उचलतात त्या फळ्यांच्या चौकोनाची) खोली मिळून होते जेमतेम २.४ मीटर, म्हणजे मालाखाली जमीन चाळीस टक्क्यांच्या आसपासच येते.

‘दुप्पट’ मात्र कागदावरचे आहे. ड्राइव्ह-इनमध्ये फोर्कलिफ्ट रॅकच्या आत शिरते आणि शेवटी ठेवलेला माल आधी निघतो. पाच पॅलेट खोल आणि चार मजले उंच अशी एक ओळ धरली, तर तिच्यात २० जागा होतात. तुरीच्या एका लॉटचे ८ पॅलेट तिथे ठेवले की उरलेल्या १२ जागा अडकून पडतात, कारण पुढे दुसरा लॉट लावला तर मागचा कोंडला जातो. एकाच मालाचे शेकडो पॅलेट ठेवणाऱ्याला ही अडचण येत नाही. परंतु तूर, हरभरा, मूग, उडीद, त्यांच्या प्रती आणि वेगवेगळ्या वजनांचे कट्टे सांभाळणाऱ्या डाळ मिलला ती रोज येते. शिवाय जुना माल तळाशी राहिला की डाळीला भुंगा लागतो, आणि बियाणे किंवा कीटकनाशक असेल तर त्याची मुदत आतल्या आत सरते. दोन्ही बाजूंनी उघडा ड्राइव्ह-थ्रू रॅक हा दोष दूर करतो. मात्र त्याला पलीकडे दुसरी गल्ली द्यावी लागते, म्हणजे वाचवलेली जागा तिथे परत जाते.

आणखी एक गोष्ट संदेशात येतच नाही : ड्राइव्ह-इनमध्ये पॅलेट आडव्या बीमवर नव्हे, तर फक्त दोन कडांवर, रेलच्या पट्ट्यांवर टेकते. स्थानिक वखारीतून आणलेले, मापात कमी-जास्त असलेले लाकडी पॅलेट तिथे मधोमध वाकते, आणि कट्टे कडेबाहेर फुगले असतील तर ते खांबांना घासतात.

जाड पत्र्याचे विधान तर सरळ चुकीचे आहे. खांबाची ताकद जाडीवर जितकी ठरते, तितकीच पहिला बीम जमिनीपासून किती उंच आहे यावरही ठरते. उंच कट्ट्यांसाठी खालचा बीम वर सरकवला, तर आधाराविना उभा राहणारा भाग लांबतो आणि तोच खांब कमी भारात वाकतो. तीन मजले, प्रत्येकी दोन पॅलेट आणि पॅलेटमागे एक टन असे धरले, तर आतल्या चौकटीवर (पुढच्या-मागच्या दोन खांबांच्या जोडीवर) ६ टन, म्हणजे एका पायावर ३ टन येतात, आणि तेही तळहाताहून थोड्या मोठ्या बेसप्लेटवर. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर फरशी नीट भरावाशिवाय घातली असेल, तर जाडी काहीही असो, रॅक ओळंब्यातून सुटतो.

फोर्कलिफ्टबद्दल थोडक्यात : ओळीत शिरणाऱ्या यंत्राचा मास्ट (माल वर नेणारा उभा सांगाडा) आणि वरचा पिंजरा दोन खांबांमधून सुटला पाहिजे, आणि धक्का बसला तर तो झेलायला ड्राइव्ह-इनच्या तोंडाशी खांबांना जोडणारे खालचे बीम नसतात. युरोपीय मानक ईएन १५६३५ नुसार एक मीटर लांबीत खांब बीमच्या दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा किंवा चौकटीच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला चालत नाही. नवख्या चालकाच्या हाती ही मर्यादा एका दिवसात ओलांडली जाऊ शकते.

ज्याला गल्लीच कमी करायची आहे, त्याने सिलेक्टिव्ह रॅक ठेवून रीच ट्रकचा (अरुंद गल्लीत वळणाऱ्या फोर्कलिफ्टचा) भाव काढावा. गल्ली तीन मीटरच्या आत येते आणि प्रत्येक पॅलेट हाताशी राहते. फक्त फरशी आधी सपाट करून घ्यावी लागते.